हजेरीपटावरचे नऊ नंबर

(स्नेहमेळाव्यातील श्रद्धांजलीच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



सकाळपासून आपण खूप हसलो. कुणाचे केस गेले, कुणाचं पोट सुटलं, कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं. ते सगळं झाल्यावर हे सत्र ठेवलंय आणि ते माझ्याकडे दिलंय. मला भाषण करता येत नाही, हे माझ्या वर्गाला चांगलं माहीत आहे. नववीत १५ ऑगस्टच्या भाषणात मी तिसऱ्या वाक्याला अडकलो होतो आणि रडत खाली उतरलो होतो. आज अडकलो तर सांभाळून घ्या.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगतो. मेळाव्याचं ठरलं तेव्हा समितीनं कामं वाटून दिली. कुणाकडे मंडप, कुणाकडे जेवण, कुणाकडे गुरुजनांना आणायला गाड्या. माझ्याकडे आली यादी. आपल्या वर्गातलं कोण हयात आहे, कुठं आहे, फोन नंबर काय, आणि कोण गेलं. मला वाटलं, हे आठ दिवसांचं काम. त्याला सात महिने लागले.

शाळेच्या कपाटातून आपला दहावीचा हजेरीपट मिळाला. कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत, पण नावं शाबूत आहेत. मार्च १९९३ मध्ये आपण बोर्डाची परीक्षा दिली. वर्गात आपण ५८ जण होतो. आधी मुलं, १ ते ४१. मग मुली, ४२ ते ५८. आपले वर्गशिक्षक नाव घेत नसत, नंबर पुकारायचे आणि आपण "यस सर" म्हणायचो. म्हणून मीही आज नंबरानंच बोलणार आहे. नावं इथं मागच्या फलकावर लावली आहेत, फुलं वाहिली आहेत, स्मरणिकेतही त्यांच्यासाठी वेगळं पान आहे. आणि खरं सांगतो, नाव उच्चारलं तर मला पुढचं बोलता येणार नाही.

या ५८ पैकी ९ जण आज नाहीत. आणखी दोघांचा काहीच पत्ता लागला नाही. त्यांच्या नावापुढचा रकाना मी मोकळा ठेवलाय.

नऊ जण कसे गेले, हे मी घरोघरी जाऊन विचारलं. वही घेऊन बसलो होतो, पण लिहायला हात उचलला नाही. घरी परत आल्यावर लिहून काढलं. सगळं लिहून झाल्यावर एका जागी वाचलं, तेव्हा लक्षात आलं की या नऊपैकी म्हातारपणानं एकही गेलेला नाही. आपण सगळे पंचेचाळिशी-सेहेचाळिशीतले. जायचं वय कुणाचंच नव्हतं.

नंबर ६. आपल्या वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, कबड्डीत पाय धरला की सुटायचा नाही. शेतात मोटारीची लाइट रात्री यायची, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री एकच्या सुमारास गेला. पायाला साप चावला. सोबत कुणी नव्हतं, बॅटरी विझत आलेली. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. रात्रीच्या लाइटीचं दुखणं इथं बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. मी वेगळं काय सांगणार?

नंबर १९. सीताखांडीच्या घाटात मोटारसायकलला अपघात. हेल्मेट घरी खुंटीला होतं. नंबर २३. गुटख्यानं तोंडाचा कॅन्सर. राज्यात २०१२ साली गुटखा बंद झाला. दहावीत आपण शाळेमागच्या टपरीवर एक पुडी चौघांत वाटून खायचो. त्या चौघांतला मी एक आहे. नंबर ३४. पुण्याकडं चाकणला कंपनीत होता, रात्रपाळीहून परत येताना बसमध्येच हार्ट अटॅक. नंबर ३८. साखरेचा आजार अंगावर काढला, किडन्या गेल्या, डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा नांदेडच्या वाऱ्या केल्या. नंबर ५२. दुसऱ्या बाळंतपणात गेली, १९९७ साली. ते बाळ जगलं. आज ते इथं बसलंय. बाळा, तुझी आई आमच्या वर्गात प्रार्थना सांगायची. तिचा आवाज कसा होता हे तुला कुणी सांगितलं नसेल, तर जेवणाच्या वेळी आमच्या मैत्रिणींजवळ बस. त्या सांगतील.

हे सहा झाले. उरलेल्या तिघांविषयी थोडं सविस्तर बोलायचंय. तिघांच्याही घरच्यांना विचारूनच बोलतोय.

नंबर १२. याला विसरणं शक्यच नाही, कारण याच्या सायकलवर बसला नाही असा एक माणूस आपल्या वर्गात नसेल. पुढं त्यानं जीप घेतली आणि भोकर-नांदेड फेऱ्या सुरू केल्या. आपल्यापैकी किती जणांचे आईबाप त्यानं रात्री-बेरात्री दवाखान्यात नेले असतील, त्याचा हिशेब त्यानं कधी ठेवला नाही. "बैठ जा मामू, पैशे की बात बाद में," एवढंच म्हणायचा. २०२१ चा मार्च-एप्रिल तुम्हाला आठवतो. करोनाची दुसरी लाट. मार्चच्या शेवटी आपल्या जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली. लोक आपल्याच माणसाला हात लावायला भीत होते. हा पुढच्या सीटमागं प्लास्टिकचा पडदा बांधून पेशंट नेत होता. एका दवाखान्यात खाट नाही म्हटलं की दुसऱ्या, तिथं नाही की तिसऱ्या. एप्रिलच्या मध्याला रमजान लागला. रोजे धरून तो गाडी चालवत होता. ईदच्या आधी तोच आजारी पडला, आणि ज्या खाटेसाठी तो दुसऱ्यांकरता दारोदार फिरला, ती त्याला मिळाली तेव्हा वेळ निघून गेली होती. मातीला चार माणसं होती. आपल्या वर्गातलं एकही नव्हतं. मी नांदेडात होतो, पन्नासएक किलोमीटरवर. मी मोबाइलवर दोन हात जोडलेलं चित्र टाकलं. आपण सगळ्यांनीच टाकलं. मोजलं तर २६ चित्रं होती.

त्याचा धाकटा भाऊ समोर बसलाय. भाऊ, तेव्हा येता आलं नाही. आज आलोत.

नंबर २७. याच्याविषयी बोलणं मला सगळ्यात जड जातं. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. माझा डबा तो खायचा, त्याची गणितं मी उतरवायचो. दहावीनंतर मी शिकायला नांदेडला गेलो आणि त्यानं बापाची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन धरली. कापूस, मग सोयाबीन. २०१४ ला पाऊस कमी, २०१५ ला त्याहून वाईट. त्याच्या पुढच्या वर्षी तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पण रेल्वे येईपर्यंत हा थांबला नाही.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये एका दुपारी त्याचा मला फोन आला. मी ऑफिसात होतो, कामात नव्हतो. फोन हातात होता, नाव दिसत होतं. मी उचलला नाही. का उचलला नाही, ते आज पहिल्यांदा सांगतोय. मला वाटलं, हा पैसे मागणार. आधी एकदा दिले होते, त्यानं ते वेळेवर परतही केले होते. तरी मला तसं वाटलं. अर्ध्या तासानं परत फोन आला. मी "नंतर बोलतो" असा मेसेज टाकला. नंतर बोलणं झालंच नाही. चौथ्या दिवशी गावाकडून निरोप आला.

मी फोन उचलला असता तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. एका फोननं कर्ज फिटत नाही आणि पाऊस पडत नाही. त्यानं फोन कशासाठी केला होता, हे वहिनींनाही माहीत नाही. कदाचित पैसेच हवे असतील. कदाचित लेकीच्या वसतिगृहाचं विचारायचं असेल. कदाचित नुसतंच "काय करूलालास?" म्हणायचं असेल. ते मला आता कधीच कळणार नाही, आणि आठ वर्षं झाली तरी कुणाचा फोन वाजत राहिला की मला ती दुपार आठवते.

त्याच्या मागं काय झालं तेही ऐका. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर सरकारकडून एक लाखाची मदत मिळते, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. याचं बरंचसं कर्ज हातउसनं आणि परवाना नसलेल्या माणसाकडचं होतं. त्याला कागद नव्हता. वहिनींच्या हातात "अपात्र" लिहिलेला कागद पडला. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, पैशाचं जाऊ द्या. पण तो शब्द तेवढा वाईट होता." त्यानंतर त्यांनी शिलाई मशीन घेतलं, चार शेळ्या घेतल्या, दोन लेकरं शिकवली. मोठी आज नर्सिंगला आहे. आपल्यातल्या काहींनी तिच्या फीसाठी पैसे देऊ केले तेव्हा ती म्हणाली, "काका, फी भरली आहे. तुम्ही वर्षातून एकदा आमच्या घरी येत जा."

आणि आता नंबर ४७.

या नंबरापाशी मी चार महिने अडकलो होतो. कुणालाच काही सांगता येईना. मुलांना तर मुलींचं काहीच माहीत नव्हतं. आपल्या वेळेला मुलं आणि मुली एकमेकांशी बोलत नसत. तीन वर्षं एका वर्गात बसूनही नाही. माझा आणि तिचा संबंध एकदाच आला. बोर्डाच्या पहिल्या पेपराला, गेटच्या बाहेर, माझ्या पेनातली शाई हातावर गळाली. मी रडकुंडीला आलेलो. तिनं काही न बोलता आपल्याजवळचं दुसरं पेन पायरीवर ठेवलं आणि आत निघून गेली. मी सगळे पेपर त्याच पेनानं लिहिले आणि परत द्यायचं राहून गेलं.

मुलींना विचारलं तर एकीनं सांगितलं, परीक्षा झाल्यावर मे महिन्यात तिचं लग्न झालं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. कायद्यानं तेव्हाही अठरा लागत होती, पण आपल्याकडं तेव्हा कोण विचारत होतं? लग्नानंतर नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं. हजेरीपटावर ती बापाच्या नावानं, आणि पुढं ती कुणाची तरी सून. शोधायचं कुठं?

शेवटी दाखल्याच्या नोंदीत तिचं गाव सापडलं. आपल्या तालुक्यातलंच, भोकरपासून फार लांब नाही. मी गेलो. भाऊ शेतात होता. ओसरीवर आई बसलेली, ऐंशीच्या पुढची. मी सांगितलं, मावशी, मी तुमच्या लेकीच्या वर्गातला. म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "तिच्या शाळंतले का तुमी? लई दिसानं आलात बाबा."

तिला औसा तालुक्यात दिलं होतं. किल्लारीच्या जवळ.

मित्रांनो, एवढं ऐकल्यावर पुढचं तुम्ही सगळे ओळखाल. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, तेच झोपेतल्या माणसांवर आलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यात आपली नंबर ४७ होती. लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते.

आता तुम्ही आठवा, आपण त्या दिवसांत काय करत होतो. भोकरमध्येही पहाटे मांडणीवरची भांडी वाजली होती. दुसऱ्या दिवसापासून आपण पोरांनी हातगाडी काढली. नंबर १२ पुढं ओढत होता, आम्ही मागून ढकलत होतो. घरोघरी ज्वारी मागितली, चादरी मागितल्या, तांब्या-ताटं मागितली. ट्रक भरून पाठवला. आपल्याला फार अभिमान वाटला होता. अजूनही कुणी भेटलं की आपण ती हातगाडीची गोष्ट सांगतो. मीही माझ्या पोरांना दहा वेळा सांगितली असेल. आणि या तीस वर्षांत आपल्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं की ज्या गावांसाठी आपण चादरी गोळा करत होतो, त्यातल्या एका गावात आपल्याच वर्गातली एक मुलगी गाडली गेली होती.

म्हातारीनं आत जाऊन लोखंडी पेटी उघडली. तळातून एक कागद काढला. तिची दहावीची गुणपत्रिका. ती फर्स्ट क्लासमध्ये पास झाली होती. निकाल लागला तेव्हा ती सासरी होती, बापानं शाळेतून गुणपत्रिका आणून ठेवली. त्या वर्षी पंचमीला ती चार दिवस माहेरी आली. गुणपत्रिका हातात घेऊन किती तरी वेळ बघत बसली. आई म्हणाली, "घेऊन जा माय, तुझी हाय." तर म्हणाली, "तिकडं उंदरं लई हायेत. हितंच राहू दे. दिवाळीला आले की अकरावीचं बघू, मालकांना विचारलंय मी." ती दिवाळी आलीच नाही. कागद इथं होता म्हणून राहिला.

मी म्हातारीच्या हातात एक पेन ठेवलं. तेच नाही, ते केव्हाच हरवलं. नवीन विकत घेऊन गेलो होतो, आधीच खिशात होतं. ती सापडली तर तिला द्यायचं म्हणून नेलं होतं. म्हातारीला वाटलं मी सही मागतोय. म्हणाली, "मला लिहाय येत न्हाई बाबा."

आई आज इथं यायला निघाल्या होत्या, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. भाऊ आलेत. गुणपत्रिकेची प्रत त्यांच्या परवानगीनं फलकावर लावली आहे. जाताना बघा. भूगोलात तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त मार्क आहेत.

मित्रांनो, श्रद्धांजलीला आपण म्हणतो, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. देवो. पण मला या सात महिन्यांत असं वाटलं की अशांती त्यांच्याकडे नाही, आपल्याकडे आहे. आपल्या माणसाचं मरण आपल्याला आठ दिवसांनी, आठ वर्षांनी, तीस वर्षांनी कळतं. फोन तेव्हा नव्हते, हे खरं. पण नंबर २७ च्या वेळी फोन होता. नंबर १२ च्या वेळी तर आपला ग्रुपसुद्धा होता.

म्हणून दोन मिनिटं उभं राहण्याआधी तीन गोष्टी मागतो. समितीला विचारूनच मागतोय.

पहिली. या स्मरणिकेत आपल्या मैत्रिणींची दोन्ही नावं छापली आहेत, माहेरचं आणि सासरचं, आणि दोन्ही गावं. पुढं जेव्हा केव्हा यादी होईल, तेव्हा हे असंच राहू द्या. हजेरीपटावरचं नाव हरवलं की माणूस कसं हरवतं, ते आपण पाहिलं.

दुसरी. आज आपण ४७ जण हयात असल्याचं माहीत आहे. गंमत बघा, हाही आकडा ४७ च आला. प्रत्येकाला बाहेर एक चिठ्ठी मिळेल, तिच्यावर तीन नंबर आहेत. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की, त्या तिघांना फोन करायचा. तो दिवस मराठवाड्यात कुणी विसरत नाही म्हणून निवडला. काम असलंच पाहिजे असं नाही. "काय करूलालास?" एवढं विचारलं तरी पुरे. आणि त्या दिवशी फोन वाजला की उचलायचा. पैसे मागायला असला तरी उचलायचा. नाही म्हणायचं असेल तर बोलून नाही म्हणू.

तिसरी. या नऊ घरांपैकी प्रत्येक घरी वर्षातून एकदा आपल्यातलं कुणीतरी जाईल. मदत घेऊन जा असं म्हणत नाही, त्या लोकांनी मदत मागितलेली नाही. जाऊन चहा पिऊन यायचं आणि त्या माणसाची शाळेतली एखादी गोष्ट सांगून यायची. घरच्यांना माहीत नसलेलं त्यांच्या माणसाचं काहीतरी फक्त आपल्याकडेच आहे. नंबर १२ प्रार्थनेच्या वेळी डोळा मारून सगळ्या रांगेला हसवायचा, हे त्याच्या लेकरांना कोण सांगणार? ४७ नंबरकडे मी जाणार आहे. मावशीला शब्द दिलाय.

बेपत्ता दोघांपैकी कुणाविषयी कुणाला काही माहीत असेल, तर जेवणाच्या वेळी मला नक्की सांगा. तो रकाना अजून मोकळा आहे.

आता आपले वर्गशिक्षक हजेरी घेतील. सर, हात कापत असतील तर बसून घ्या. त्यांच्या हातात तोच जुना हजेरीपट आहे. सर १ पासून ५८ पर्यंत नंबर पुकारतील. आलेल्यांनी "यस सर" म्हणायचं. जे नऊ नंबर आहेत, तिथं त्यांच्या घरचं माणूस उभं राहील आणि मग आपण सगळ्यांनी मिळून "यस सर" म्हणायचं. नंबर ४७ ला जरा मोठ्यानं म्हणा. तिला तीस वर्षं कुणी पुकारलेलं नाही.

एवढं बोलून मी थांबतो. सर, घ्या हजेरी.